'क्लिमा' म्हणजे हवामान नव्हे

प्रश्न : फ्रान्समधील बूर्गोन्य, म्हणजे आपण इंग्रजीवरून ज्याला बर्गंडी म्हणतो, त्या प्रदेशातील वाइनविषयीचा मजकूर मराठीत आणताना 'क्लिमा' या शब्दाशी अडलो आहे. कोशात 'हवामान' एवढाच अर्थ मिळतो. पण तो घेतल्यास 'या गावात वीस हवामाने आहेत' असे हास्यास्पद वाक्य तयार होते. योग्य प्रतिशब्द कोणता?

उत्तर : कोश चुकलेला नाही, पण बूर्गोन्यमध्ये या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे क्लिमा म्हणजे सीमा ठरलेला, शतकानुशतके स्वतःच्या नावाने ओळखला जाणारा द्राक्षबागेचा तुकडा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'उतार' असा असल्याने डोंगरउतारावरच्या या बागांना तो शोभतोही. असे बाराशेहून अधिक तुकडे असून 2015 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात स्थान दिले.

वाणापेक्षा या नावालाच तेथे मोल आहे. 1395 मध्ये ड्यूक फिलिप याने गामे हा वाण उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. आज तेथील मुख्य उतारावर तांबड्या वाइनसाठी पिनो न्वार आणि पांढरीसाठी शार्दोने हेच वाण प्रामुख्याने दिसतात. वाण जवळपास ठरलेलाच असल्यामुळे बाटलीवर बहुधा जागेचेच नाव असते, आणि सर्वांत वरच्या म्हणजे ग्रां क्रू दर्जाच्या बाटलीवर तर गावाचेही नाव न येता केवळ क्लिमाचे येते. जव्हरे या गावाने 1847 मध्ये आपल्या शिवारातील शांबेर्तँ या नामांकित क्लिमाचे नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले, यावरून कोणाच्या जिवावर कोण मिरवते हे ध्यानात यावे.

मराठीत मी 'वावर' सुचवीन. 'चिंचेचे वावर', 'ओढ्याकडचे वावर' अशी नावे आपल्याकडेही असतातच. 'पट्टी' हा शब्दही सुचतो, परंतु त्यातून लांबट आकार सूचित होतो आणि आडत्याकडून मिळणाऱ्या हिशेबाच्या चिठ्ठीलाही पट्टीच म्हणतात. नाशिककडचा वाचक द्राक्षांच्या संदर्भात आधी तीच समजेल.

दुसरे मत : 'वावर' गोड आहे, पण नेमके नाही. वावर म्हटले की एका खातेदाराचे शेत डोळ्यांपुढे येते. रोमाने-काँतीच्या बाबतीत ते जुळते, कारण जेमतेम 1.8 हेक्टरांची ती बाग एकाच मालकीची आहे. मात्र सितो येथील मठाच्या संन्याशांनी उभी केलेली, भिंतीने वेढलेली क्लो द वूजो ही बाग सुमारे 50 हेक्टरांची असून तिचे आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. एकाच ओळीतली पुढची वेल दुसऱ्याची, तरी नाव सर्वांचे एकच. ऐंशी जणांचे एक वावर ही कल्पना मराठी मनाला पटणार नाही. भाऊबंदकीचा खटला मात्र आठवेल.

मराठेशाहीच्या महसुली दफ्तरांतील 'थळ' हा शब्द येथे अधिक जवळचा वाटतो. गावच्या जमिनीचे जे जुने, नावानिशी नोंदलेले भाग, ती थळे. त्यांची नोंद असे ती थळझाडा. जमीन वाटली गेली, कसणारे बदलले, तरी थळाला जुन्या घराण्याचे नाव चिकटून राही. थळाचे नाव घराण्यावरून येते, क्लिमाचे बहुधा माती, झाडे किंवा उतार यांवरून, हा फरक आहेच. परंतु मालकीपेक्षा नाव टिकाऊ असणे, हा क्लिमाचा गाभा 'थळ' या एका अक्षरजोडीत सापडतो.

प्रश्नकर्ता : 'थळ' स्वीकारतो. पहिल्या उल्लेखात 'क्लिमा, म्हणजे नाव असलेले द्राक्षथळ' असे लिहीन आणि पुढे नुसते 'थळ' वापरीन. या निमित्ताने दुसरीही चूक सापडली : 'ग्रां क्रू'मधील 'क्रू' हे मी 'कच्चे' या अर्थाचे विशेषण समजलो होतो. ते 'वाढणे' या क्रियापदापासून आलेले नाम आहे, हे आता कळले. 'थोर कच्ची वाइन' हे शब्द मसुद्यातून खोडले आहेत.