आईला सुचवलेल्या ‘फंक्शनल’ तपासण्या कराव्यात का?

प्रश्न (नाशिक)

माझी आई 61 वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, मग पॅक्लिटॅक्सेलची केमो आणि रेडिएशन पूर्ण झाले, आणि गेले पाच महिने ती लेट्रोझोलची (शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी करणारी) गोळी घेते आहे. सकाळी तिची बोटे आखडलेली असतात, तळपायांना मुंग्या येतात आणि थकवा दिवसभर सरत नाही. ऑन्कॉलॉजिस्टकडे (कर्करोगतज्ज्ञांकडे) गर्दी इतकी असते, की हे सारे सांगायला वेळच उरत नाही. म्हणून आम्ही एका एकात्मिक (नेहमीच्या औषधोपचारांना आहार, ॲक्युपंक्चर अशा पूरक उपचारांची जोड देणाऱ्या) उपचार केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सव्वा तास बसवून तिचे जेवण, झोप, काळज्या असे सगळे विचारले, आणि कुणीतरी आपले ऐकून घेतले याचे आईला फार समाधान वाटले. शेवटी मात्र 38,000 रुपयांच्या, तिथे ‘फंक्शनल’ म्हणवल्या जाणाऱ्या तपासण्यांची यादी हाती आली: जीवनसत्त्वे, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), थायरॉइड, दीडशे खाद्यपदार्थांची आयजीजी चाचणी (त्या पदार्थांविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे रक्तात मोजणारी) आणि केसांतील खनिजे. यांतले काय करावे?

उत्तर (पॅथॉलॉजिस्ट, पुणे)

ताई, रिपोर्ट अमुक आला तर आईच्या उपचारात नेमके काय बदलेल, हे प्रत्येक तपासणीपुढे लिहून मागा. या कसोटीला ब-12, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड उतरतात. पायाच्या मुंग्या पॅक्लिटॅक्सेलमुळे असण्याची शक्यता मोठी आहे, पण शाकाहारी घरांत ब-12 ची कमतरता इतकी आढळते, की ती तपासल्यावाचून सगळा दोष केमोला देऊ नये. लेट्रोझोलमुळे हाडे विरळ होतात, त्यामुळे हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला नसेल, तर यादीत नसलेली ही तपासणी आधी करा. फेरिटिन शरीरातील दाहामुळेही वाढते, म्हणून ते एकट्याने वाचू नये.

आयजीजी चाचणीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. तो पदार्थ आपण खात आलो आहोत, एवढेच या प्रतिपिंडांवरून कळते. त्यावरून असहिष्णुता (तो पदार्थ न मानवणे) ठरवू नये, असे युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच सांगितले आहे. अशा रिपोर्टवरून गहू, दूध, शेंगदाणे बंद केलेले आणि आधीच खंगलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. केसांच्या चाचणीवरही खर्च करू नका.

उत्तर (स्वतः रुग्ण, कोल्हापूर)

सव्वा तासाचे ते बोलणे वाया गेले असे मानू नका. लेट्रोझोलने माझेही सांधे धरले होते आणि ॲक्युपंक्चरने मला उतार पडला. लेट्रोझोलच्या गटातील औषधांमुळे होणाऱ्या सांधेदुखीवर ॲक्युपंक्चरचा विचार करावा, असे अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. रोजच्या चालण्याने थकवाही कमी झाला. पण केमो चालू असताना मी कुणाला न सांगता गुळवेलीचा काढा घेत होते. यकृताचे आकडे चढले आणि पुढची केमो दोन आठवडे लांबली. काढ्यामुळेच तसे झाले, हे सिद्ध करता येणार नाही. परंतु गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली, आणि आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला असला, तरी मी काढा पुन्हा घेतला नाही. प्रत्येक पूरक गोळी ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा.

प्रश्नकर्ती

पूरक गोळ्यांची यादी करते आहे. आई केसांसाठी बायोटिनही (ब गटातील एक जीवनसत्त्व) घेते; त्याने काही बिघडते का?

पॅथॉलॉजिस्ट, पुणे

बरे झाले विचारलेत. जास्त मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडसह काही चाचण्यांचे आकडे खोटे वर किंवा खाली दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये तसा इशारा दिला होता. गोळीची मात्रा प्रयोगशाळेला सांगा, किती दिवस आधी बंद ठेवायची ते विचारा, आणि मगच रक्त द्या.