शाळेतील विद्यार्थी व कर्मचारी यांचा अपघात विमा : शासकीय योजना असताना वेगळी पॉलिसी घ्यावी का?

प्रश्न : मुख्याध्यापिका, अनुदानित माध्यमिक शाळा

सर्वांना नमस्कार. आमच्या शाळेत पाचवी ते दहावीचे वर्ग भरतात. निम्मी मुले आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून सायकलने किंवा एस.टी.ने येतात. गेल्या महिन्यात कबड्डीच्या सरावात आठवीतील एका विद्यार्थ्याचा हात मनगटाजवळ मोडला. प्लास्टर, एक्स-रे, औषधे आणि तपासणीच्या फेऱ्या हा सगळा खर्च पालकांनी उसनवारी करून भागवला. त्यानंतर पालक-शिक्षक संघाच्या सभेत सर्व विद्यार्थ्यांचा समूह अपघात विमा उतरवावा अशी मागणी झाली. शासनाची अपघात योजना असताना पालकांकडून आणखी पैसे का घ्यायचे, असा आक्षेपही काहींनी घेतला आणि तो मला अगदीच गैरलागू वाटत नाही. दोन्हींमध्ये नेमका फरक काय, पॉलिसी घेताना कोणत्या अटी पाहाव्यात, आणि शिक्षकेतर कर्मचारी तसेच पोषण आहार शिजवणाऱ्या मदतनीस ताई यांच्यासाठी काय करता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : शालेय लिपिक

मॅडम, तुम्ही उल्लेख केलेली योजना म्हणजे राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. ती पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पूर्वी ती विमा कंपनीमार्फत चालत असे. आता ते अनुदान आहे, म्हणजे हप्ता कोणी भरत नाही आणि मंजुरी जिल्हास्तरीय समिती देते. जून २०२२ च्या शासन निर्णयाने रकमा वाढवण्यात आल्या. अपघाती मृत्यू झाल्यास १ लाख ५० हजार रुपये, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे कायमचे निकामी झाल्यास १ लाख रुपये आणि एक अवयव किंवा एक डोळा गमावल्यास ७५ हजार रुपये मिळतात. अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागली तर प्रत्यक्ष खर्च, कमाल १ लाख रुपयांपर्यंत, देण्याची तरतूद आहे. क्रीडा स्पर्धेत खेळताना, शाळेतील जड वस्तू अंगावर पडून, आगीने किंवा विजेच्या धक्क्याने झालेल्या दुखापतीचाही त्यात विचार केला आहे. आत्महत्या, अमली पदार्थाच्या अमलाखाली झालेला अपघात आणि मोटार शर्यतीतील अपघात यांना मात्र अनुदान मिळत नाही.

तुमच्या विद्यार्थ्याचा हात प्लास्टरवर बरा झाला असेल आणि शस्त्रक्रिया झाली नसेल, तर मुख्य कलमांत तो खर्च बसवणे अवघड आहे. मात्र दुखापत स्पर्धेत खेळताना झाली की केवळ सरावात, हा मुद्दा शिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी विचारून पाहावा, तोंडी उत्तरावर थांबू नये.

प्रस्ताव अडकतो तो कागदपत्रांवर. मृत्यूच्या प्रकरणात प्रथम माहिती अहवाल, घटनास्थळ पंचनामा, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला लागतो, तर अपंगत्वासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र लागते. दुःखात बुडालेल्या आईवडिलांना या कार्यालयातून त्या कार्यालयात पाठवण्यापेक्षा शाळेनेच एका व्यक्तीकडे हे काम सोपवावे, असे मला मनापासून वाटते. विद्यार्थ्याचे नाव व जन्मतारीख जनरल रजिस्टर, आधार आणि रुग्णालयाच्या कागदांवर सारखी आहे का, हेही त्याच दिवशी तपासावे. एका अक्षराच्या फरकामुळे प्रकरणे महिनोन्महिने पडून राहतात.

उत्तर २ : निवृत्त विमा अधिकारी, सर्वसाधारण विमा

लिपिक महोदयांनी शासकीय बाजू नीट मांडली आहे, म्हणून मी फक्त पॉलिसीविषयी लिहितो.

समूह वैयक्तिक अपघात विम्यात मूळ संरक्षण असते ते अपघाती मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांचे. उपचाराचा खर्च हे बहुतेक वेळा जोडून घ्यायचे कलम असते, आणि शाळेसाठी खरे महत्त्व त्याच कलमाला आहे, कारण शाळेत रोज घडणाऱ्या अपघातांत हात मोडणे, दात तुटणे, डोक्याला टाके पडणे हेच अधिक असते. त्यामुळे माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेली विमा रक्कम पाहून निर्णय घेऊ नका. कंपनीकडून लेखी उत्तर घ्या की उपचाराचा खर्च स्वतंत्रपणे मिळतो की मृत्यू वा अपंगत्वाचा दावा मान्य झाला तरच त्याच्या काही टक्के मिळतो. दुसऱ्या प्रकारची पॉलिसी घेतली तर कबड्डीत हात मोडलेल्या मुलाच्या पालकांना एक रुपयाही मिळणार नाही. रुग्णालयात चोवीस तास दाखल असण्याची अट आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. प्लास्टर बाह्यरुग्ण विभागात होते आणि पालक संध्याकाळी मुलाला घरी आणतात, म्हणून ही अट असेल तर पॉलिसीचा उपयोग फारच थोडा उरतो.

संरक्षण चोवीस तासांचे आहे की केवळ शाळेच्या वेळेतले, हा पुढचा प्रश्न. तुमची मुले लांबून येतात, त्यामुळे येण्याजाण्याचा प्रवास, सहल आणि आंतरशालेय स्पर्धा या तिन्हींचा पॉलिसीत स्पष्ट उल्लेख हवा. वर्षाच्या मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांची नावे पुरवणी काढून जोडली नाहीत तर ती संरक्षणाबाहेर राहतात. काही कंपन्या कमावत्या पालकाच्या अपघाती मृत्यूनंतर मुलाच्या शिक्षणासाठी रक्कम देणारे कलमही देतात. थोडा जास्त हप्ता देऊन ते घेण्यासारखे आहे.

दावा नाकारला गेला, किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करून महिना उलटला तरी उत्तर आले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनामूल्य दाद मागता येते. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई, पुणे व ठाणे येथे आहेत. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

उत्तर ३ : पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य

मॅडम, मदतनीस ताईंचा प्रश्न तुम्ही काढलात याचा आनंद झाला, कारण अशा चर्चेत त्यांचे नाव सहसा येतच नाही. उकळत्या भांड्यांपाशी रोज त्याच उभ्या असतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपये आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी १ लाख रुपये इतके संरक्षण मिळते. १ जून ते ३१ मे असे तिचे वर्ष असते, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता वळता होत नाही आणि संरक्षण संपल्याचे त्यांच्या लक्षातही येत नाही. भाजल्यावर होणारा उपचाराचा खर्च ही योजना देत नाही. त्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे अंगीकृत, म्हणजे योजनेत समाविष्ट असलेले, रुग्णालय जवळ कोठे आहे, हे १५५३८८ या क्रमांकावर विचारून शाळेच्या फलकावर लिहून ठेवावे. मोठ्या दुखापतीत विद्यार्थ्यांनाही त्याचा उपयोग होईल.

शिक्षकांनी व शिपायांनी आपल्या वेतनपत्रकात समूह वैयक्तिक अपघात विम्याची वर्गणी कापलेली दिसते का, ते पाहावे. अपघात वाहनाने झाला असेल तर विम्याखेरीज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे नुकसानभरपाई मागता येते. त्या अर्जासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. एक भरपाई मिळाली म्हणून दुसरा हक्क बुडतो, असा गैरसमज पालकांमध्ये फार आहे.

प्रश्नकर्त्या मुख्याध्यापिका

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. कबड्डीची दुखापत योजनेत बसते का, याविषयी उद्याच लेखी विचारणा करते. पॉलिसीचा हप्ता सर्वच पालकांना परवडेल असे नाही. काही मुलांपुरती पॉलिसी घेता येते का?

निवृत्त विमा अधिकारी

विमा समूहाचा असल्याने कंपनी साधारणपणे सर्व मुले किंवा किमान एक संपूर्ण इयत्ता यांचा समावेश मागते. फक्त इच्छुकांची यादी दिल्यास हप्ता वाढतो किंवा प्रस्ताव नाकारलाही जातो. ज्यांना परवडत नाही त्यांचा हप्ता पालक-शिक्षक संघाच्या निधीतून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून भरावा आणि कोणाचा हप्ता कोणी भरला हे वर्गात कळू देऊ नये. किमान दोन कंपन्यांकडून, उपचार खर्चाचे कलम वेगळे दाखवलेले दरपत्रक मागवून ते सभेपुढे ठेवा.