मदत हवी आहे: मिन्कोव्स्कीच्या आकृतीत फलाटाचं घड्याळ मंद कसं दाखवायचं?

मंडळी, भाची बीएस्सीला आहे, तिला विशेष सापेक्षता शिकवता शिकवता मीच मिन्कोव्स्कीच्या आकृतीत, म्हणजे काळ आणि अंतराच्या आलेखात, अडकलोय. आलेखाच्या कागदावर फलाटाचे अक्ष सरळ काढले. २ सेंमी म्हणजे उभ्यावर १ सेकंद, आडव्यावर १ प्रकाश-सेकंद (प्रकाश एका सेकंदात कापतो ते अंतर). प्रकाशरेषा ४५ अंशांत. लोकल प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने सोडली (आपली कर्जत फास्ट वेळेवर आली तरी पुरे!). तिचे दोन्ही अक्ष साधारण ३१ अंशांनी प्रकाशरेषेकडे झुकले. इथवर ठीक.

गाडीतल्या घड्याळाचा पहिला सेकंद फलाटाच्या हिशेबाने १.२५ सेकंदाला, ०.७५ प्रकाश-सेकंदावर पडतो. पट्टी लावली तर २.९ सेंमी! भाची म्हणते, "मामा, रेघ लांब आणि वेळ कमी, असं कसं?" १.२५ चा वर्ग वजा ०.७५ चा वर्ग, उत्तर १, हे तिला पटवलं. ही वजाबाकी जिथे जिथे १ येते त्या बिंदूंची वक्ररेषा, म्हणजे हायपरबोलाही काढला.

पण गाडीतल्यांच्या हिशेबाने फलाटाचं घड्याळ मंद, हे त्याच कागदावर कसं दाखवायचं? त्या बिंदूतून गाडीच्या अंतराच्या अक्षाला समांतर रेघ ओढली, ती फलाटाच्या काळाच्या अक्षाला ०.८ वर छेदते. हेच उत्तर ना, की माझी पट्टी घसरली? उद्या संध्याकाळी ती पुन्हा येतेय.