जोडीदार जर्मन असला तरी आधी ए-वन? मला हे पटत नाही

निशिगंध:
परवा सडेतोड यांनी लिहिलं की जर्मन माणसाशी लग्न करून तिकडे राहायला जाणाऱ्याकडून ए-वन परीक्षेची, म्हणजे जर्मन भाषेच्या सगळ्यात पहिल्या पातळीच्या परीक्षेची, अपेक्षा ठेवणं अगदी रास्त आहे, आणि ज्यांना ती जड जाते त्यांनी 'लग्नाआधीच विचार करायला हवा होता'. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. लांबलचक लिहिणार आहे.

भाषा शिकायला माझा विरोध नाही. मी शिकले, आज जर्मनीत राहते, नोकरीही जर्मनमधूनच करते. माझा विरोध क्रमाला आहे. ऑगस्ट २००७ पासून नियम असा की आधी आपल्या देशात परीक्षा पास व्हा, मग व्हिसाचा अर्ज, मग संसार. आणि तिकडे पोचल्यावर तेच सरकार इंटिग्रेशन कोर्सला बसवतं: ६०० तास भाषा, १०० तास कायदा, इतिहास, समाज. कोर्स तिथे आहे, शिक्षक तिथे आहेत, दिवसभर ज्याच्याशी बोलायचं तो नवराही तिथेच आहे. मग नवी लग्न झालेली माणसं दोन खंडांत का ठेवायची?

ही अट सगळ्यांना सारखी असती तरी एक वेळ समजून घेतलं असतं. फ्रेंच माणूस जर्मनीत राहत असेल तर त्याच्या भारतीय बायकोला ए-वन लागत नाही, कारण त्याला युरोपीय महासंघाचा कायदा लागू होतो. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, गेलेल्या आपल्या इंजिनिअरच्या बायकोलाही लागत नाही. जर्मन नागरिकाच्या बायकोला मात्र लागते! म्हणजे माझ्या नवऱ्याला त्याच्याच देशात, बायकोला घरी आणण्याच्या बाबतीत, शेजारच्या फ्रेंच माणसापेक्षा कमी हक्क. याला रास्त कसं म्हणायचं?

सडेतोड:
माझं अर्धंच वाक्य उचललंत. मी पुढे असंही लिहिलं होतं की ही अट येणाऱ्या बाईच्या भल्याची आहे. २००७ साली ही अट आणताना जबरदस्तीची लग्नं रोखण्याचं कारण उगाच पुढे केलं नव्हतं.

ब्लू कार्डचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो. माझी मावसबहीण तशीच गेली, परीक्षा न देता. पत्रपेटीत पिवळं पाकीट आलं की ती ते न फोडता टेबलावर ठेवते आणि संध्याकाळी नवरा वाचून सांगेल ते खरं धरते. पिवळं पाकीट म्हणजे कोर्टाचं किंवा सरकारी खात्याचं रीतसर बजावलेलं पत्र, तिकडे राहणाऱ्यांना माहीत आहे. पोस्टमन त्यावर तारीख घालतो आणि त्या तारखेपासून मुदत मोजली जाते. डॉक्टरकडे नवरा, बँकेत नवरा, मुलाच्या शाळेतही नवराच. नवरा भला आहे म्हणून निभावलं. नसता तर?

आणि जोडीदाराच्या परमिटवर, म्हणजे लग्नामुळे मिळालेल्या राहण्याच्या परवान्यावर, गेलेल्याला स्वतःचा राहण्याचा हक्क तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर मिळतो. २०११ पर्यंत दोन वर्षांची अट होती, ती वाढवली. त्या तीन वर्षांत लग्न मोडलं तर छळासारखी गंभीर कारणं सिद्ध करावी लागतात, नाहीतर परत या. अशा बाईला चार वाक्यं यायलाच हवीत. तुमचं प्रेम मोठं असेल, पण कायदा सगळ्यांसाठी करायचा असतो.

वाटसरू:
सडेतोड, ए-वन पास झालेला माणूस ते पिवळं पाकीट वाचू शकत नाही हो! मी पास झालोय, सांगतो काय असतं. दुसऱ्या कुणाची तरी माहिती वाचून फॉर्ममधल्या रिकाम्या जागा भरा. तीसेक शब्दांचं पत्र लिहा. तोंडी परीक्षेत नाव सांगा, अक्षरं एकेक करून सांगा, एक नंबर सांगा. मग चित्राचं कार्ड पुढे येतं, त्यावरून समोरच्याला काहीतरी विनंती करा. १०० पैकी ६० मिळाले की झालं. एवढ्यावर वकिलाचं पत्र कोण वाचणार?

माझी बायको जर्मन, मी गॅरेजवाला, तालुक्याच्या गावचा. तिथे क्लास कुठला? जर्मन शिकवणारं आणि परीक्षा घेणारं मॅक्स म्युलर भवन पुण्यात, मुंबईत. गॅरेज बंद ठेवून जायचं, ऐकण्याच्या भागात आपटायचं, पुन्हा तारीख मिळेपर्यंत थांबायचं. शाळा सुटून पंधरा वर्षं झालेल्या माणसाला कानाला हेडफोन लावून स्टेशनवरची घोषणा ओळखायला लावतात आणि त्यावर ठरतं की त्याने बायकोजवळ राहायचं की नाही. तिकडे गेल्यावर वर्कशॉपमध्ये पोरांच्या तोंडून जी भाषा शिकलो ती इकडच्या पुस्तकात नव्हतीच. बायकांच्या भल्याची अट म्हणता, मग मला कोणापासून वाचवत होते?

कोरा कागद:
ए-वन ए-वन काय लावलंय? परीक्षा आज ना उद्या माणूस पास होतो. खरा छळ कागदांचा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. एका देशाचा दाखला दुसऱ्या देशात एका शिक्क्यावर खरा धरायचा, अशा अपॉस्टिल करारात भारताने पाऊल टाकलं तेव्हा जर्मनीने आक्षेप घेतला, तो अजून कायम आहे. बाकी बऱ्याच देशांना चालणारा आपला अपॉस्टिलचा शिक्का जर्मनीला चालत नाही. मग काय, तर पडताळणी! त्यांनी नेमलेला वकील नोंदणी कार्यालयात जाऊन मूळ रजिस्टर बघणार, कधी शेजारीपाजारी चौकशी करणार. माझ्या घरी आले तेव्हा आई एकटी होती. 'मुलीचं लग्न कधी झालं, कुणाकुणाला बोलावलं होतं' असे प्रश्न ऐकून तिला वाटलं पोलीस केस झाली. यात महिने जातात. भाषेचं रडगाणं नंतर गा.

मृण्मयी:
कोरा कागद यांना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या जन्मदाखल्यात माझं नावच नव्हतं. 'स्त्री', आईचं नाव, वडिलांचं नाव, बस. बारसं नंतर झालं, नाव घालायला कुणी पालिकेत गेलंच नाही. शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव माझ्याच नावाला चिकटून. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर, नमुना ई वर, कारकुनाने स्पेलिंगमध्ये 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' घातला. व्हिसाच्या काउंटरवरची जर्मन बाई काचेपलीकडून विचारते, 'या तीन बायका कोण?' मी म्हणते, तिन्ही मीच. एकच व्यक्ती असल्याचं ॲफिडेव्हिट दिलं तर म्हणाली हे तर तुम्हीच लिहून दिलंय, याने काय सिद्ध होतं? शेवटी राजपत्रात छापून आणलं.

सडेतोड:
मग यात जर्मनांचा काय दोष? आपल्याकडची नोंदच गलथान. त्यांनी तपासू नये का?

मृण्मयी:
तपासा की! पण जन्मदाखल्यात नाव घालायची मुदत १५ वर्षं असते हे मला पाळण्यात कुणी सांगायचं होतं? भोगायचं मात्र मी.

जुना वारकरी:
ताई, राग मानू नका, पण लग्नानंतर रीतीप्रमाणे नवऱ्याचं नाव लावलं असतंत तर सगळे कागद नव्याने एकसारखे झाले असते. आमच्या पिढीत हे घोळ नव्हते.

मृण्मयी:
काका, तुमच्या पिढीत बायकांना पासपोर्ट किती जणींचे होते तेही सांगा. माझं नाव माझं आहे, ते मी का बदलायचं?

कोरा कागद:
काकांनी सांगितलेला उपाय म्हणजे आगीतून फुफाट्यात. मी बदललं होतं. मधल्या नावाच्या जागी नवऱ्याचं, वर त्याचं आडनाव. जर्मनीत मधलं नाव ही भानगडच नाही, पहिली नावं आणि कुटुंबाचं नाव एवढंच. त्यामुळे परमिटच्या कार्डावर माझ्या पहिल्या नावांत नवऱ्याचं नाव बसलंय, आणि जन्मदाखल्यावरची मुलगी मीच हे पुन्हा सिद्ध करायचं. नाव बदललेलीचं जास्त अडतं, हे लिहून ठेवा.

जुना वारकरी:
मी चांगल्या हेतूने लिहिलं. इथे वडीलधाऱ्यांना बोलायची सोय राहिलेली नाही.

मृण्मयी:
हेतू चांगला असेल, सल्ला मला जाचक आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव येतं. ती मुलं पुढे जर्मनीत जातील तेव्हा काचेपलीकडच्या बाईला काय सांगायचं याचा विचार कुणी केलाय का? निर्णय चांगलाच आहे, पण दाखल्यावर कुठल्या रकान्यात काय हे एकसारखं असायला नको का?

निशिगंध:
मृण्मयी, कोरा कागद, तुमचा त्रास खरा आहे, त्यावर वेगळं लिहा, मीही येईन. पण मूळ मुद्दा वाहून चाललाय. सडेतोड यांनी अजून उत्तर दिलेलं नाही की फ्रेंच माणसाच्या बायकोला सूट आणि जर्मन माणसाच्या बायकोला परीक्षा, हे कसं.

अलगद:
मध्येच विचारते. आमचं लग्न अजून व्हायचंय. डेन्मार्कला जाऊन लग्न केलं की सगळं सोपं होतं असं ऐकलं, खरं का?

कोरा कागद:
लग्न सोपं होतं. जर्मन नोंदणी कार्यालय जितके कागद मागतं तितके डेन्मार्क मागत नाही, म्हणून कितीतरी जोडपी तिकडे जातात. पण व्हिसा सोपा होत नाही. शेंगेनच्या टुरिस्ट व्हिसावर जाऊन लग्न करायचं आणि तिथेच राहून परमिट मागायचं या भरवशावर अजिबात राहू नका. सहसा परत पाठवतात आणि इथून रीतसर अर्ज करायला लावतात. अमेरिकन किंवा जपानी जोडीदार आधी व्हिसा न घेता जाऊन तिथेच अर्ज करू शकतो. आपल्याला ती सोय नाही.

वाटसरू:
आणि ए-वन द्यायचीच आहे, ती काही डेन्मार्कात सुटत नाही. आजपासून ऐकायला लागा. रोज. बाकीचे भाग जमतात.

सडेतोड:
निशिगंधबाई, उत्तर हवंय ना, घ्या. फ्रेंच आणि ब्लू कार्डवाल्यांना सूट हे चूकच आहे. सगळ्यांना परीक्षा लावा, माझी बहीण धरून. ही विषमता काढायची तर अट सर्वांना लावून काढा, उठवून नव्हे. गॅरेजवाल्या भाऊंच्या बाबतीत एवढं मान्य की तालुक्याला क्लास नसताना पुण्या-मुंबईच्या पोरांसारखीच अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. यापुढे मी सरकणार नाही.

निशिगंध:
जे तुम्ही आत्ता अर्धवट मान्य केलंत ते जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ४ सप्टेंबर २०१२ लाच सांगितलंय. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराने वर्षभर मनापासून प्रयत्न करूनही भाषा जमली नाही, किंवा शिकण्याची सोयच आवाक्यात नसली, तर परीक्षेसाठी अडवून धरता येणार नाही. कारण जर्मन नागरिकाला संसारासाठी देश सोडून जा असं सांगता येत नाही. हे व्हिसाच्या काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

वाटसरू, तुम्हाला तेव्हा हे कुणी सांगितलं होतं?

वाटसरू:
नाही. एजंट म्हणाला पुन्हा बसा. पुन्हा बसलो.

निशिगंध:
म्हणूनच चिडते मी. अलगद, क्लासच्या फीच्या पावत्या, हजेरी, नापास झालात तर तोही निकाल, काही फेकू नका. गरज पडली तर अर्जासोबत २०१२ च्या निकालाचा उल्लेख करून पत्र जोडा. आणि सडेतोड, तीन वर्षांचा मुद्दा तुमचा बिनतोड आहे, तो मी नाकारत नाही. पण त्यावर इलाज हवा असेल तर ती मुदत पुन्हा दोन वर्षांवर आणा म्हणा, आणि बाई तिकडे पोचली की पहिल्याच महिन्यात कोर्सला जागा द्या म्हणा. नवऱ्याच्या परमिटला बांधून ठेवणाराही कायदाच आहे, आणि त्यातून सुटायला भाषा शिक म्हणून तिला इकडे अडवणाराही कायदाच.

सडेतोड:
दोन वर्षांचं मान्य. परीक्षेचं नाही.