हौशी बँड एका माणसावर चालत नाही

'म्होरक्या थकला की हौशी जॅझ बँड गुंडाळलाच म्हणून समजा' हे नेहमी ऐकू येणारं मत मला पटत नाही. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी १९६६ साली दर सोमवारी वाजवणारा बिग बँड, म्हणजे मोठा जॅझ वाद्यवृंद, सुरू केला. पुढे जोन्स बाहेर पडले, १९९० मध्ये लुईस वारले, तरी सोमवारची परंपरा चालूच राहिली. ते व्यावसायिक वादक होते, हे मान्य. पण ठरलेला वार आणि बँडपाशी राहणारा नोटेशनचा साठा, या दोन गोष्टी हौशी मंडळींनाही तितक्याच तारतात.

मी अशाच एका बँडमध्ये तिसरा ट्रॉम्बोन वाजवतो. माझ्या नोटेशनच्या फाइलमध्ये आधीच्या वादकांच्या पेन्सिलच्या खुणा आहेत: इथे श्वास तोडू नको, इथे म्यूट (आवाज दबका करणारं झाकण) काढायला दोनच ठोके मिळतात, हा भाग फक्त सोलो लांबला तरच परत घ्यायचा. नवखा माणूस पहिल्याच तालमीत उभा राहतो तो या खुणांच्या जोरावर. म्हणून बँड सोडणाऱ्याकडून फाइल आठवणीने परत घ्याच! फोटोकॉपीवर त्या फिक्या खुणा नीट उमटतही नाहीत.

आणि बदली वादक आधी बास आणि ड्रम्सचे शोधा. बँडमधल्या पाच सॅक्सोफोनपैकी एखादा नसला तर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) थोडी पोकळ वाटते, पण तालीम होते. ड्रमर आला नाही तर सगळे नुसते एकमेकांकडे बघत बसतात.