वेगवेगळ्या वेचण्यांचा कापूस एकत्र विकावा का?

तापीकाठ (चोपडा): पूर्वहंगामी कापसाच्या सगळ्या वेचण्या जागेअभावी एकाच खोलीत साठवल्या. व्यापाऱ्याने वरचा मूठभर माल दाबून पाहिला आणि ओल व कवडी (किडलेला, नीट न उमललेला कापूस) ही कारणे सांगून संपूर्ण ढिगाचा भाव पाडला. अशा मिसळीने पुढे सूतगिरणीला खरोखर फरक पडतो, की हे केवळ निमित्त आहे?

रेचा (जळगाव): भाऊ, दोन्ही खरे आहे. जिनिंगवाला कापूस घेतो, पण विकतो रुई (बी काढलेला तंतू) आणि सरकी (कापसाचे बी). एका क्विंटलमधून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या एका गाठीला सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो. कवडी अधिक असली की हा उतारा घसरतो आणि रुईची प्रतही उतरते. ओला कापूस रेच्यावर (सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रावर) गेला की सरकी फुटून तिचे तुकडे रुईत मिसळतात, आणि ढिगात राहिला तर तापून पिवळा पडतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण हमीभाव असतो, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्यावरचा माल घेतला जात नाही. मात्र मुठीने ओल मोजणाऱ्यास मी तरी माल देणार नाही, ओलावामापक मागावा.

सूतकताई (अमळनेर): गिरणीत तंतूची लांबी, मजबुती आणि मायक्रोनेअर (तंतूचा बारीकपणा व पक्वता सांगणारे माप) पाहतात. बोंडअळीने किडलेल्या किंवा पाण्याच्या ताणात अकाली फुटलेल्या बोंडांतील तंतू पक्व झालेला नसतो. त्याच्या बारीक गुठळ्या होतात, त्या रंग नीट धरत नाहीत आणि रंगवलेल्या कापडावर पांढरे ठिपके उमटतात. असा माल चांगल्या कापसात मिसळला की तो पुढे पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे खताच्या गोणीचे प्लास्टिकचे धागे, कारण कापसाला चढणारा रंग त्यांना चढतच नाही. आमच्याकडे ते हाताने वेचायला माणसे बसवावी लागत.

कोरडवाहू (शिंदखेडा): वेचणी दव उतरल्यावर करावी, कापूस सुती कापडात बांधावा आणि कवडी शेतातच निराळी काढावी. स्वच्छ मालाला गावातला खरेदीदार जादा पैसे क्वचितच देतो, ही तक्रार रास्त आहे. पण ढीग वेगळे असले तर कपात निदान कवडीच्या ढिगापुरती राहते. खोली एकच असेल तर मध्ये ताडपत्रीचा आडपडदाही पुरतो, फक्त तिच्या कडा उसवलेल्या नसाव्यात.