घरच्या वर्कशॉपला पहिली मशीन बेंच ड्रिलच घ्या, हँड ड्रिल नंतर!

गच्चीवरचा पत्रा
मंडळी, भांडण लावायलाच आलोय. घरी छोटं वर्कशॉप करायचंय म्हटलं की जो तो सांगतो आधी हँड ड्रिल घे, मग ग्राइंडर घे, बेंच ड्रिलचं, म्हणजे टेबलावर बसवायच्या खांबाच्या उभ्या ड्रिलचं, नंतर बघू. मी तसंच केलं आणि आता पस्तावतोय.

आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी चार-चार दिवसाआड, त्यामुळं गच्चीवर ड्रम आले आणि ड्रमला स्टँड आला. वेल्डिंग मला येत नाही म्हणून ४० बाय ५ चा अँगल आणून नटबोल्टवर जुळवायचं ठरवलं. हँड ड्रिलनं ९ एमएमची भोकं पाडायला बसलो तर बिट खुणेवरून घसरतंय, भोक तिरकं जातंय, आणि पलीकडं निघता निघता बिट असं अडकलं की मशीन मनगटासकट फिरली. सोळा भोकांतली सात जुळली, बाकीच्यांना कानस मारमारून लंबगोल केलं. स्टँड उभा राहिला पण ड्रम भरला की डुलतोय, बायको त्याला सिद्धेश्वराच्या यात्रेतला नंदीध्वज म्हणते!

मग गच्चीवरच्या पत्र्याखाली बेंच ड्रिल बसवली, १३ एमएम चक (बिट पकडतो तो भाग), अर्धा एचपी, सिंगल फेज. तोच स्टँड नव्या अँगलात परत केला. बोल्ट वरून सोडला की टपकन खाली. माझं म्हणणं एवढंच, नवशिक्याला सरळ भोक कसं असतं ते आधी कळू दे. नाहीतर तो सहा महिने स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

भिंतीतला खिळा
ओ साहेब, तुमची बेंच ड्रिल भिंतीपाशी येती का? नवीन माणसाला आधी काय लागतं, पडद्याचा रॉड, गिझर, देवाचं फळकूट. तिथं तुमची तीस किलोची मशीन घेऊन स्टुलावर चढणार का?
आणि एक गोष्ट तुम्ही सोयीनं गाळली. छोट्या बेंच ड्रिलला आठ इंची म्हणतात, पण स्पिंडलपासून (बिट फिरवणाऱ्या दांड्यापासून) खांबापर्यंत चारच इंच असतात. म्हणजे आठ इंचापेक्षा रुंद फळीच्या बरोबर मध्ये भोक पडतच नाही. पैसे घालवून झाल्यावर हे कळतं. वर्षातून चार वेळा सरळ भोक लागत असेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडं जा, चहा पिईपर्यंत पाडून देतो. त्यासाठी दहा-बारा हजार अडकवायचे म्हणजे पावशेर शेंगा चटणीसाठी उखळ विकत घेतल्यासारखं झालं.

प्लायवाली
खिळादादा, चार इंचाचं खरं आहे, पण ते दरवेळी आडवं येतं असं नाही. मी किचनचे शटर (कपाटांची दारं) घरीच केले. ऑटो हिंजच्या (आतून लावायच्या बिजागरीच्या) वाटीला ३५ एमएमचं भोक लागतं आणि त्याचा मध्य काठापासून जेमतेम बावीस एमएमवर असतो. शटर दोन फूट रुंद असलं तरी खांब मध्ये येत नाही. बाकीचं शटर बाहेर लोंबतं, त्याला टेबलाच्या उंचीचा स्टूल द्यायचा.
हँड ड्रिलनं पहिल्याच शटरला मी आरपार गेले होते. १८ एमएमच्या प्लायमध्ये साडेबारापर्यंतच जायचं असतं आणि हाताला ते थांबणं जमत नाही. बेंच ड्रिलला डेप्थ स्टॉप (ठरल्या खोलीला थांबवणारा अडसर) असतो, एकदा नट लावला की बाराही वाट्या सारख्या. स्पीड मात्र सगळ्यात खालचं ठेवते, नाहीतर ३५ चं बिट जळतं आणि घरभर जळक्या लाकडाचा वास. आरपार भोक असेल तर खाली टाकाऊ फळी, म्हणजे मागचा पापुद्रा उडत नाही.
तरी पत्रादादांचं पूर्ण पटत नाही. माझं काम लाकडाचं आणि घर फ्लॅटमधलं, मला पहिली हँड ड्रिलच लागली आणि अजून जास्त तीच लागते.

भिंतीतला खिळा
बगा, म्हणजे ताई माझ्याच बाजूच्या. मग हँड ड्रिलला लावायचं ते स्टँड घ्या की, दोन्ही कामं होतात.

प्लायवाली
घेतलं होतं, विकलं. खाली दाबलं की मान वाकडी करतं. त्या स्टँडवर खर्च करू नका एवढं मात्र मी पत्रादादांच्या बाजूनं सांगते.

जुना टर्नर
एकतीस वर्षं मशीनवर काढली, आता घरी बसून लोकांचं वाचतो. पहिली कुठली घ्यायची त्यावर भांडा खुशाल, पण अजून कुणी जॉब (भोक पाडायचा तुकडा) कसा पकडायचा ते बोललंच नाही. पत्रासाहेब, अँगल हातानं धरला होता का शिकंज्यात आवळला होता?

बेंच ड्रिल सरळ भोक पाडते म्हणून लोकांना ती गरीब वाटते. हँड ड्रिल अडकली तर ती तुमचा हात पिळते आणि तुम्ही बटण सोडता. बेंच ड्रिल अडकली तर जॉब फिरतो, पंख्याच्या पात्यासारखा, आणि मोटर काही तुमच्यासाठी थांबत नाही. आमच्याकडं एका नव्या पोरानं पितळी पट्टी हातानं धरली. पितळेत बिट आपणहून आत ओढलं जातं, म्हणून पितळेसाठी बिटाची धार दगडावर जराशी बोथट, सरळ करून घेतात. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पट्टी फिरली, अंगठ्याचं मांस उघडं. एका सेकंदाचं काम.
जॉब लांब असेल आणि शिकंज्यात बसत नसेल तर लांब टोक खांबाच्या डाव्या अंगाला टेकवा. बिट वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरतं, जॉब सुटला तर तो खांबावर आपटेल, तुमच्या पोटात येणार नाही. आणि हँडग्लोव्हज घालायचे नाहीत.

लूमगल्ली
काका ग्लोव्हज नाही म्हणजे? भोकाच्या काठाला बर, म्हणजे धारदार किनार, असते, हात कापतो की ओ. सेफ्टीच्या नावानं सगळे घाला म्हणतात.

जुना टर्नर
बर काढताना घाल. मशीन फिरत असताना नाही. उघडी कातडी सोलटून सुटते, ग्लोव्हजचं बोट गुंडाळलं की अख्खा हात आत जातो. हीच गत ढिल्या बाहीची, ओढणीची, गळ्यातल्या चेनची.

स्पीडचा हिशोबही लिहून ठेवा, फळ्यावर खडूनं, मी तसाच ठेवायचो. एमएसला (साध्या लोखंडाला) एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट असेल तर आठ हजार भागिले बिटाचे एमएम, तेवढे मिनिटाला फेरे. १० च्या बिटाला ८००, ५ च्या बिटाला १६००. ॲल्युमिनियमला दुप्पट चालतं. पट्टा मोटरकडं लहान पुलीवर आणि स्पिंडलकडं मोठ्या पुलीवर आला की मशीन सावकाश. लोक मशीन आणतात आणि जन्मात पट्टा बदलत नाहीत, दुकानातून आली त्याच खाचेत ३ चंही भोक आणि १२ चंही. मग म्हणतात बिट डुप्लिकेट निघालं.
बिटाच्या दोन्ही धारांतून सारखी गुंडाळी निघते का बघा. एकाच बाजूनं निघत असेल तर धार वाकडी लागलीये, भोक साइजपेक्षा मोठंच पडणार, मग मशीन लाखाची असो.

गच्चीवरचा पत्रा
काका, खरं सांगतो, हातानंच धरला होता. पहिल्या दिवशी. वाचलो.
आणि पट्टा मीपण अजून बदललेला नाही 🙈

लूमगल्ली
माझं मत तिसरंच. नवीन घेऊच नका. वडील सोलापूरच्या पूर्व भागात लूमवर जॉबर (लूमची दुरुस्ती बघणारे) होते, एक कारखाना बंद झाला तेव्हा तिथली जुनी पिलर ड्रिल (उंच खांबाची मोठी ड्रिल) भंगाराच्या भावात घरी आली. बिडाची, हलवायला चौघं. नवीन हलक्या मशीनचं टेबल जोर दिला की खाली झुकतं, हिचं ढिम्म हलत नाही. फक्त मोटरची पाटी वाचून घ्या. आमचीला थ्री फेज मोटर निघाली, घरी सिंगल फेज, दोन महिने मशीन अंगणात ताडपत्रीखाली. शेवटी मोटरच बदलली.
बघायला जाल तेव्हा स्पिंडल पूर्ण खाली ओढून चक हातानं डावीउजवीकडं हलवून बघा, खडखड लागली तर परत या. मग चकात सरळ रॉड पकडून हातानं फिरवा, टोक गरगर हलत असेल तर चक गेलाय नाहीतर स्पिंडल.

भिंतीतला खिळा
म्हणजे नवशिक्यानं आधी बेअरिंग ओळखायला शिकायचं, मग मोटर बदलायची, मग एक भोक. छान.

गच्चीवरचा पत्रा
यात मात्र मी खिळ्याच्या बाजूनं. नवीनच घ्या, तिलाही नखरे असतातच. माझ्या मशीनचा चक दुसऱ्या भोकाला आपोआप खाली पडला, फिरत फिरत टेबलावरून थेट चपलेपाशी. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला असं होतच नाही. नंतर कळलं की चक नुसता टेपरवर (निमुळत्या दांड्यावर) घट्ट बसतो, आणि गंज लागू नये म्हणून कंपनीतून येतानाच टेपरला ग्रीस लावलेलं असतं. रॉकेलच्या फडक्यानं दोन्हीकडनं पुसून कोरडं केलं, चकाचे जबडे पूर्ण आत घेतले आणि खालून लाकडी हातोड्याचा एक ठोका. त्यानंतर पडला नाही.

ताईंचं बरोबर आहे, फ्लॅटमध्ये आणि लाकडात काम असेल तर माझं शीर्षक चुकलं. पण लोखंडात हात घालणार असाल तर मी माझ्या मतावर आहे, आधी बेंच ड्रिल आणि तिच्याबरोबर शिकंजा, तोही पक्का बोल्ट मारून. भिंतीच्या भोकांना शेजाऱ्याची हँड ड्रिल मागा, बेंच ड्रिल कुणी उसनी देत नाही.

भिंतीतला खिळा
शेजारी मीच असतो नेहमी 😄 बरं ते राहू दे, मशीन गच्चीवर चढवली कशी? आमच्या जिन्याला मधेच वळण आहे.

गच्चीवरचा पत्रा
घेताय म्हणजे!! पार्ट सुटे केले. आधी मोटर काढली, मग वरचं डोकं, मग टेबल, शेवटी खांब. दोघांत झालं. फक्त मे महिन्यात अकराच्या आत चढवा, तापलेल्या पत्र्याखाली नंतर खांबाला हात लावता येत नाही.

जुना टर्नर
जोडताना मला बोलवा. पट्टा मी लावतो.